जुन्या इंग्रजी शब्दांचे त्या काळचे अर्थ कसे शोधावेत?

प्रश्न असा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील इंग्रजी पत्रे आणि अहवाल मराठीत आणण्याचे काम हाती घेतलेल्या एका अभ्यासकाला अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचेच शब्द अधिक अडत आहेत. ‘फॅक्टरी’, ‘रायटर’, ‘जेलस’, ‘अम्यूज’ यांचे आजचे अर्थ घातले की वाक्य वेडेवाकडे होते. अशा वेळी डॉ. जॉन्सन यांचा कोश प्रमाण मानावा की ऑक्सफर्डचा मोठा कोश पाहावा, आणि कोशात सर्वांत जुना म्हणून दिलेला अर्थ हाच शब्दाचा खरा अर्थ समजावा काय, अशी विचारणा त्यांनी केली आहे.

आधी अडचणीचे स्वरूप स्पष्ट करतो, कारण ते नेमके ओळखले की निम्मे काम होते. जो शब्द मुळीच माहीत नाही तो आपण निमूटपणे कोशात पाहतो, त्यामुळे तेथे सहसा फसगत होत नाही. फसगत होते ती आपण शाळेत शिकलेल्या, रोज वापरात असलेल्या आणि म्हणून कोशात पाहण्याची गरजच न वाटणाऱ्या शब्दांची. वाक्य व्याकरणाने बरोबर लागते, अर्थही वरवर जुळतो आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून माझा पहिला आग्रह असा असतो की, १८५० पूर्वीचा इंग्रजी मजकूर हाती असेल तर जे शब्द फारच सोपे वाटतात त्यांच्यावर आधी पेन्सिलीने खूण करावी.

‘फॅक्टरी’ याच शब्दाकडे जरा जवळून पाहू. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरकर इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली आणि पुढल्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर चाल करून हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या सहकाऱ्यांना कैद केले, हे आपल्याला ठाऊक आहे. या प्रकरणाच्या इंग्रजी कागदांत राजापूरच्या आणि सुरतेच्या ज्या ‘फॅक्टरी’चा उल्लेख येतो, तेथे काहीही तयार होत नव्हते. ती वखार होती. ‘फॅक्टर’ म्हणजे धन्याच्या वतीने परमुलखात खरेदी-विक्री करणारा गुमास्ता, आणि असे गुमास्ते जेथे राहत, माल साठवत व व्यवहार करीत ती जागा म्हणजे ‘फॅक्टरी’. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशात या शब्दाचे दोनच अर्थ दिले आहेत: दूरदेशी व्यापाऱ्यांच्या वस्तीचे घर किंवा पेठ, आणि एका ठिकाणी संघटित झालेला व्यापाऱ्यांचा समूह. यंत्रे, कामगार, उत्पादन यांचा तेथे मागमूसही नाही.

आता याच शब्दासाठी नोआ वेबस्टर यांचा १८२८ चा अमेरिकन कोश उघडावा. गुमास्त्यांचे निवासस्थान हा अर्थ तेथे पहिल्या क्रमांकावर आहे आणि त्याच्या उदाहरणात पूर्वेकडील इंग्रजी वखारींचा उल्लेखही आहे. परंतु तिसऱ्या क्रमांकावर एक नवा अर्थ आला आहे. ‘मॅन्युफॅक्टरी’ या शब्दाचा हा संक्षेप असून जेथे कामगार माल तयार करतात ती इमारत, असे वेबस्टर सांगतात. म्हणजे ७३ वर्षांच्या अंतराने निघालेल्या या दोन कोशांमध्ये एक संपूर्ण औद्योगिक क्रांती दडलेली आहे. पुढे १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि १८८१ साली हिंदुस्थानात पहिला ‘फॅक्टरीज ॲक्ट’ झाला, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ निःसंशय ‘कारखाना’ असा होता. याचा निष्कर्ष एवढाच की, ‘फॅक्टरी म्हणजे काय’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘अमुक साली, अमुक प्रकारच्या कागदात फॅक्टरी म्हणजे काय’ असे विचारले तरच कोश उत्तर देऊ शकतो.

आपल्याकडच्या दप्तरांची सवय असलेल्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. मराठेशाहीतील न्यायनिवाड्याच्या कागदांत वादी-प्रतिवादींनी ‘राजीनामा’ लिहून दिला असे आढळले, तर त्यांनी पदत्याग केला असे कोणी समजत नाही. पंचांचा निर्णय मान्य राहील अशी ती राजीखुशीची लेखी कबुली असते. मराठी कागद वाचताना आपण ही सावधगिरी आपोआप बाळगतो. इंग्रजी कागद वाचताना मात्र ती सुटते, कारण इंग्रजी आपल्यापर्यंत पाठ्यपुस्तकातून ठरीव अर्थांसह आलेली असते.

कोणता कोश पाहावा याचे उत्तर देण्यापूर्वी जुने कोश कशासाठी तयार झाले हे सांगितले पाहिजे. केवळ इंग्रजीला वाहिलेला पहिला छापील कोश रॉबर्ट कॉड्री या शाळामास्तराचा, १६०४ सालचा मानला जातो. त्यात जेमतेम अडीच हजार शब्द आहेत आणि तेही सगळे ‘कठीण’ शब्द आहेत, म्हणजे लॅटिन, ग्रीक, फ्रेंच यांतून आलेले पंडिती शब्द. ज्या स्त्रियांना आणि इतर वाचकांना लॅटिन शिकण्याची संधी मिळाली नाही त्यांच्यासाठी तो रचलेला होता. कोश कसा वापरावा हेही कॉड्रीला सांगावे लागले: शब्द ‘ए’ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या आरंभी पाहा, ‘व्ही’ने होत असेल तर शेवटाकडे पाहा! वर्णानुक्रमाने शब्द शोधणे हीच तेव्हा शिकवण्याची गोष्ट होती. अशा कोशात ‘मीट’, ‘नाइस’ किंवा ‘लेट’ यांसारखे रोजचे शब्द सापडणार नाहीत. ज्याला अर्थ सांगण्याची गरज नाही असा शब्द त्यात घालण्याचे प्रयोजनच नव्हते. साधे शब्दही कोशात असावेत ही कल्पना अठराव्या शतकाच्या आरंभी रुजली, आणि १७२१ साली निघालेला नेथन बेली यांचा व्युत्पत्तिकोश त्या वळणावरचा महत्त्वाचा आणि दीर्घकाळ खपलेला ग्रंथ होय.

या आरंभीच्या कोशांत आणखी एक खाचखळगा आहे. १६२३ चा हेन्री कॉकरम यांचा कोश घ्या. त्यातील कित्येक शब्द लॅटिन कोशातून उचलून त्यांना इंग्रजी शेपूट जोडून तयार केलेले आहेत. ते कोणी बोलत नव्हते आणि फारसे कोणी लिहितही नव्हते. एक कोशकार दुसऱ्याच्या कोशातून घेत असे, त्यामुळे असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या कोशातच जगले. जुन्या कोशातील गमतीदार शब्दांच्या ज्या याद्या लोक आवडीने फिरवतात, त्यांत या जातीचा भरणा मोठा असतो. शब्द छापील कोशात आहे, एवढ्यावरून तो वापरात होता असे सिद्ध होत नाही. हा दोष केवळ जुन्यांचाच होता असेही नाही. १९३४ साली निघालेल्या वेबस्टरच्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ असा एक शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. मूळ चिठ्ठीवर ‘डी’ हे मोठे अक्षर अथवा लहान अक्षर हे घनतेचे संक्षिप्त रूप आहे एवढेच म्हटले होते. ‘डी ऑर डी’ हे तीन तुकडे एकत्र वाचले गेले आणि एक शब्द जन्माला आला. १९३९ मध्ये तो संपादकांच्या नजरेस पडला. अशा शब्दांना इंग्रजीत ‘घोस्ट वर्ड’ म्हणतात. हे नाव वॉल्टर स्कीट यांनी १८८६ साली दिले.

जॉन्सन यांचा कोश मात्र निराळ्या पायावर उभा आहे. १७४६ साली पुस्तकविक्रेत्यांशी करार झाला, लंडनच्या गफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा मदतनीस बसले आणि १५ एप्रिल १७५५ रोजी दोन अवजड खंड बाहेर पडले. सुमारे ४२,००० नोंदी आणि एक लाखाहून अधिक अवतरणे. शब्दाचा अर्थ स्वतःच्या मनाने न सांगता नामांकित लेखकांच्या वाक्यांतून दाखवायचा, ही पद्धत इंग्रजीत इतक्या प्रमाणावर प्रथम त्यांनी राबवली. ओट हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात व स्कॉटलंडात माणसे खातात, किंवा कोशकार म्हणजे निरुपद्रवी राबणारा जीव, यांसारख्या त्यांच्या खोडकर व्याख्या सर्वांना पाठ असतात. परंतु अशा व्याख्या मूठभर आहेत आणि कामाच्या दृष्टीने त्यांचे मोल शून्य आहे. खरे मोल आहे ते नेहमीच्या शब्दांखाली त्यांनी पाडलेल्या अर्थच्छटांमध्ये.

‘नर्व्हस’ हा शब्द पाहा. जॉन्सन यांच्या कोशात त्याचा पहिला अर्थ ‘पीळदार, बळकट, जोरकस’ असा आहे. ‘दुर्बळ किंवा रोगट मज्जातंतूंचा’ हा अर्थही ते देतात, पण वैद्यांच्या बोलीतला म्हणून, काहीशा नाराजीने. तेव्हा अठराव्या शतकातील एखाद्या परीक्षकाने लेखकाच्या शैलीला ‘नर्व्हस’ म्हटले असेल तर ती प्रशंसा आहे. ‘एन्थुझिॲझम’ला जॉन्सन ‘ईश्वराने आपल्याशी खाजगीत संवाद साधला अशी पोकळ समजूत’ असा अर्थ देतात. त्या काळी धर्मोपदेशकाला उत्साही म्हणणे म्हणजे त्याला भ्रमिष्ट म्हणण्यासारखे होते. ‘कँडर’ म्हणजे आज फटकळ वाटावा इतका स्पष्टपणा. जॉन्सनकडे त्याचा अर्थ मनाचा गोडवा, निर्मळपणा, दुसऱ्याविषयी सद्भाव असा आहे. ‘कन्डिसेन्शन’ची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. आज तो शब्द तुच्छतेने वागवण्याला लावतात. जॉन्सन यांच्या लेखी तो गुण आहे: वरिष्ठाने स्वेच्छेने आपली पायरी सोडून कनिष्ठाशी बरोबरीने वागणे. जेन ऑस्टेन यांच्या १८१३ च्या कादंबरीतील मिस्टर कॉलिन्स आपल्या आश्रयदात्रीच्या या गुणाची वारंवार स्तुती करतो. त्याच्या तोंडी ती मनापासूनची स्तुती आहे, आणि लेखिकेचा उपरोध मात्र आपल्याला आजच्या अर्थाकडे नेणारा आहे. समाजातील उच्चनीचतेची चौकट सैल झाली, तसा वरून खाली येण्यातला मोठेपणा संपला आणि केवळ वरचढपणा उरला.

जॉन्सन वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात, आणि त्या कोणत्याही प्रस्तावनेत ठळकपणे सांगितलेल्या नसतात. पहिली अशी की, कोशाचे साल १७५५ असले तरी पुरावा बहुतांशी त्यापूर्वीचा आहे. एलिझाबेथ राणीच्या काळापासून सतराव्या शतकापर्यंतचे लेखक हा त्यांचा मुख्य आधार होता आणि हयात लेखकांची अवतरणे घेण्याचे ते शक्यतो टाळत. त्यामुळे एखाद्या अर्थाखाली केवळ शेक्सपिअरचे वाक्य असेल, तर तो अर्थ १७५५ मध्ये चालू होताच असे मानू नये. उलट सुरत-राजापूरच्या सतराव्या शतकातील पत्रांसाठी हाच दोष उपकारक ठरतो. दुसरी गोष्ट अशी की, अवतरणांना सन दिलेले नाहीत, फक्त लेखकाचे नाव असते, आणि पुष्कळ अवतरणे कापलेली वा बदललेली असतात. त्यांच्या आधाराने अर्थाचा काळ ठरवता येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठीच ऑक्सफर्डच्या कोशाचा जन्म झाला. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत रिचर्ड ट्रेंच यांनी प्रचलित कोशांतील उणिवांवर निबंध वाचला. कोशकार हा शब्दांचा इतिहासकार असावा, न्यायाधीश नव्हे, ही त्यातली भूमिका. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादनाची धुरा घेतली, १८८४ मध्ये पहिला भाग निघाला आणि शेवटचा भाग १९२८ साली. मरे त्यापूर्वीच, १९१५ मध्ये, निवर्तले होते. चार लाखांवर शब्द व रूपे आणि अठरा लाखांवर अवतरणे, आणि प्रत्येक अवतरणाला सन. तो सन हाच या कोशाचा प्राण आहे. ‘जेलस’ पाहायला गेलात तर संशयाने जागरूक असणे हा अर्थ कोणत्या शतकात भरात होता हे अवतरणांच्या तारखांवर नुसती नजर फिरवली तरी कळते. मग दरबारात नेमलेला कंपनीचा वकील, म्हणजे राजदूत, जेव्हा लिहितो की अमुक दरबार आमच्या पलटणींबद्दल ‘जेलस’ आहे, तेव्हा तेथे मत्सर नसून साशंकता आहे, दरबार डोळ्यांत तेल घालून पाहत आहे, हे स्पष्ट होते. ‘मत्सर’ लिहिले की मुत्सद्देगिरीचे रूपांतर भाऊबंदकीत होते. तसेच शत्रूला वाटाघाटींनी ‘अम्यूज’ करणे म्हणजे त्याचे मनोरंजन करणे नव्हे, त्याला बोलण्यात गुंतवून, झुलवत ठेवणे. शिपाई ‘एंटरटेन’ केले म्हणजे चाकरीस ठेवले. ‘प्रिटेन्शन’ म्हणजे सोंग नव्हे, तर हक्काचा दावा. आणि १७९६ साली कलकत्त्यास आलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन कंपनीचा ‘रायटर’ होता याचा अर्थ तो सर्वांत खालच्या पायरीवरचा मुलकी नोकर होता; त्याच्या वरच्या पायऱ्या फॅक्टर, ज्युनिअर मर्चंट आणि सीनिअर मर्चंट अशा होत्या. त्याने पुढे पुस्तके लिहिली हा योगायोग भाषांतरकाराला आणखी गोत्यात आणणारा आहे.

ऑक्सफर्डच्या कोशात पहिल्या क्रमांकावर सर्वांत जुना अर्थ असतो, सर्वांत रूढ नव्हे. मेरियम-वेबस्टरच्या कोशांतही हाच क्रम आहे. सवयीने पहिला अर्थ उचलणाऱ्याच्या हाती चौदाव्या शतकातला मृत अर्थ येऊ शकतो. अर्थापुढे खंजिराची खूण (†) असेल तर तो वापरातून पूर्ण गेलेला समजावा. ‘आर्केइक’ असा शिक्का असेल तर तो प्रार्थना, कायदा, काव्य यांसारख्या ठिकाणी अजून तग धरून असतो. शिवाय पहिल्या अवतरणाचा सन हा शब्दाचा जन्मसन नव्हे. संपादकांना तोपर्यंत सापडलेला तो सर्वांत जुना पुरावा, एवढेच त्याचे स्वरूप असते, आणि नव्या संशोधनाने तो मागे सरकतो. म्हणून ‘हा शब्द अमुक साली जन्मला’ असे छातीठोकपणे लिहू नये.

तग धरून राहिलेल्या अर्थाचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या पासपोर्टमध्ये छापलेले आहे. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती तेथे केलेली असते, तीत धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावे असे शब्द आहेत. एल-ई-टी अशा स्पेलिंगच्या या ‘लेट’चा अर्थ ‘करू देणे’ असा घेतला तर वाक्य उलटे होते. जुन्या इंग्रजीत दोन स्वतंत्र क्रियापदे होती, एक मोकळीक देण्याचे आणि दुसरे अडवण्याचे. उच्चार बदलता बदलता दोन्ही एकाच रूपाला येऊन ठेपली. परस्परविरुद्ध अर्थाचे दोन शब्द एकाच रूपात नांदणे गैरसोयीचे असल्यामुळे अडवणारे क्रियापद मागे पडले. हॅम्लेट आपल्या मित्रांना जेव्हा म्हणतो की मला जो ‘लेट’ करील त्याचे मी भूत करीन, तेव्हा तो अडवणाऱ्याला धमकावत असतो. आज तो अर्थ पासपोर्टच्या त्या ओळीत, काही कायदेशीर मजकुरांत आणि टेनिसच्या जाळ्याला लागून पलीकडे पडलेल्या सर्व्हिसमध्ये उरला आहे.

१६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये अशी उदाहरणे पानोपानी आहेत आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या कानात तीच भाषा घुमत असल्यामुळे ती त्यांच्या लेखनातही झिरपते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात बी देणाऱ्या वनस्पती आणि फळे माणसाला ‘मीट’ म्हणून दिली आहेत, म्हणजे अन्न म्हणून. मांस हा अर्थसंकोच पुढचा. ‘प्रिव्हेंट’ म्हणजे तेथे लॅटिन मुळाला धरून ‘आधी जाणे, पुढे होणे’. ‘सफर’ म्हणजे होऊ देणे. ‘क्विक’ म्हणजे जिवंत.

‘जुना अर्थ हाच खरा अर्थ काय’ या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. ‘नाइस’ हा शब्द लॅटिनमधील ‘अज्ञानी’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. इंग्रजीत तो १३०० च्या सुमारास ‘मूर्ख’ या अर्थाने वावरू लागला. पुढे स्वैर, नखरेल, चोखंदळ, काटेकोर अशा वाटांनी जात अठराव्या शतकात ‘छान’पर्यंत पोहोचला. जॉन्सन यांच्या कोशात बारकाव्याने पारख करणारा, नको इतका काटेकोर, असे अर्थ आहेत. यांतला खरा कोणता? मुळाकडे जायचेच, तर छान माणसाला अडाणी म्हणावे लागेल. आणि सोळाव्या-सतराव्या शतकांतील पुष्कळ वाक्यांत लेखकाला नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणे कठीण आहे, अशी कबुली खुद्द ऑक्सफर्डच्या संपादकांनी दिली आहे. ‘सिली’ उलट दिशेने गेला: धन्य, सुखी या अर्थापासून निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा आणि अखेर वेडगळ. ‘गर्ल’ चौदाव्या शतकातील कवी चौसर याच्या काळात मुलगा वा मुलगी कोणालाही लागू होता. असे प्रवास वाचायला मौजेचे असतात, पण त्यांवरून आजच्या वापराला चूक ठरवणे ही कोशाची नव्हे, वाचकाची हौस असते. जॉन्सन यांनाही आरंभी भाषा स्थिर करता येईल अशी आशा होती. कोश पुरा होता होता, भाषेला मसाला भरून जतन करू पाहणारा कोशकार हास्यास्पद ठरतो, असे त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत लिहून ठेवले.

या क्षेत्रात सांगोवांगीच्या गोष्टींचाही सुळसुळाट आहे. लंडनचे नवे सेंट पॉल कॅथीड्रल पाहून राजाने त्याला ‘ऑफुल, आर्टिफिशियल आणि अम्यूझिंग’ म्हटले आणि हे शब्द त्या काळी स्तुतीचे असल्याने वास्तुकार रेन हरखून गेला, ही कथा त्यांपैकीच. सांगणाऱ्यागणिक राजा बदलतो, कधी तर राणी ॲन येते. यावरूनच तिची पत कळावी. परंतु गंमत अशी की, तिच्या पोटातला एक शब्द अस्सल आहे. रेनच्या आराखड्याला मंजुरी देणाऱ्या १६७५ च्या शाही आज्ञापत्रात तो आराखडा ‘व्हेरी आर्टिफिशियल’ असल्याचे म्हटले आहे, म्हणजे अत्यंत कलाकुसरीने, कौशल्याने रचलेला. उदाहरण द्यायचे असेल तर कथा सोडून हे आज्ञापत्र द्यावे.

मूळ छापील प्रतीच वाचणार असाल तर लिपीकडेही लक्ष द्या. १८०० च्या सुमारापर्यंतच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या आरंभी व मध्ये लांब ‘एस’ वापरीत, जो ‘एफ’सारखा दिसतो. ‘सोल्ड’ हा ‘फोल्ड’ वाटतो, ‘सेम’ हा ‘फेम’. संगणकाने वाचलेल्या डिजिटल प्रतींत ‘सिपॉय’ शोधून काही मिळाले नाही, तर पहिले अक्षर ‘एफ’ घालून पुन्हा शोधावे. जुन्या कोशांत ‘आय’ व ‘जे’ एकाच अक्षराखाली आणि ‘यू’ व ‘व्ही’ही एकत्र येतात, जॉन्सनकडेही तसेच आहे. शब्द नाही असे ठरवण्यापूर्वी ती दुसरी जागा पाहिलेली बरी.

कोशांची निवड मी अशी करतो. सतराव्या व अठराव्या शतकांच्या मजकुराला जॉन्सन, १८०० ते १८६० च्या मजकुराला वेबस्टर १८२८, आणि शंका उरली की दोन्हींच्या वर ऑक्सफर्ड. ऑक्सफर्डची चालू आवृत्ती वर्गणी भरून मिळते, परंतु पहिल्या आवृत्तीचे खंड हक्कमुक्त झालेले असून इंटरनेट अर्काइव्हवर ‘न्यू इंग्लिश डिक्शनरी’ या मूळ नावाने उपलब्ध आहेत, आणि अशा कामाला ते बहुतेक वेळा पुरतात. हिंदुस्थानी संदर्भाचे शब्द असतील तर यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हाताशी हवाच. शेक्सपिअरच्या मागे, चौसरकडे जायचे असेल तर मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश विनामूल्य खुला आहे. त्याच्याही मागची, सुमारे ११५० पूर्वीची भाषा ही वेगळीच भाषा समजावी. अभ्यासक ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणतात ती ती, शेक्सपिअरची नव्हे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक कोश बहुधा या यादीत कोणी धरत नाही. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. आपण तो मराठी शब्दांसाठी उघडतो, पण मराठी शब्दापुढे दिलेले स्पष्टीकरण त्या काळच्या इंग्रजीत आहे हे विसरतो. एखाद्या मराठी शब्दापुढे ‘फाँड’, ‘वाँटन’, ‘नाइस’, ‘आर्टफुल’ यांपैकी काही दिसले तर तो इंग्रजी शब्द वेबस्टर १८२८ मध्ये पाहून मगच मराठी शब्दाच्या अर्थाविषयी मत बनवावे. हीच गोष्ट उलट अंगानेही उपयोगी पडते: कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश हा त्या पिढीने इंग्रजी शब्दाला कोणता मराठी प्रतिशब्द योजला याचा थेट पुरावा आहे, आणि कंपनीच्या अखेरच्या वर्षांतील कागदांच्या भाषांतरासाठी तो मला अनेकदा आजच्या कोणत्याही द्विभाषिक कोशापेक्षा अधिक कामाचा वाटला आहे.

प्रत्यक्ष भाषांतरात काय लिहावे, तर त्या काळचा रूढ मराठी शब्द उपलब्ध असेल तेथे तोच लिहावा: फॅक्टरीला वखार, फॅक्टरला गुमास्ता. ‘रायटर’सारखे पदनाम असेल तेथे ते देवनागरीत तसेच ठेवून पहिल्या उल्लेखाला एक ओळीची तळटीप द्यावी आणि पुढे ती पुन्हा देऊ नये. ‘जेलस’, ‘अम्यूज’ यांसारख्या शब्दांना तळटीपही नको; योग्य मराठी शब्द घातला की पुरे. मूळ वाक्यच दोन अर्थांनी लागत असेल आणि कोश पाहूनही निर्णय होत नसेल, तर मात्र मूळ इंग्रजी शब्द आणि दोन्ही अर्थ टिपेत नोंदवावेत, कारण त्या पत्राचे दुसरे टोक, म्हणजे त्याचे उत्तर किंवा त्याच प्रसंगाची फारसी वा मोडी नोंद, उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती लागू शकते आणि निर्णय तेथे होऊ शकतो.